उमेराची फुफी

वडशाच्या स्टेशनातून बाहेर पडून बाजाराकडे निघालं की आधी तांदळाच्या अडत्यांची गोदामं लागायची, आणि ती संपली की एका बोळाच्या तोंडाशी रफीकचा फोटो स्टुडिओ होता. पुढे दुकान, मधे डार्करूम, मागे घर. खातून लग्न होऊन ब्रह्मपुरीहून इथे आली तेव्हा ती मधली खोली तिला अडगळीची वाटली. नवी असतानाच एकदा चहाचा कप घेऊन तिनं दार सरळ उघडलं आणि आत उजेड शिरून ब्रोमाइड पेपरचा उघडा डबा सगळाच्या सगळा वाया गेला. रफीक रागावला नाही. त्यानं तिला आत घेतलं, दार लावलं, एन्लार्जरखाली धरलेला एक कागद लाल दिव्यात पाण्यासारख्या दिसणाऱ्या औषधात सोडला आणि पाहत राहायला सांगितलं. कोऱ्या कागदावर आधी केस आले, मग भुवया, मग एका म्हाताऱ्याचं तोंड. खातून तिथेच खाली बसली. चहा निवून गेला.

पुढे ती खोली तिचीच झाली. रफीकला पावडरी सोसत नसत. पुडी फोडली की त्याला शिंकांवर शिंका यायच्या, डोळे सुजायचे, आणि मग दिवसभर गिऱ्हाइकाच्या समोर नाक पुसत उभं राहावं लागायचं. तयार पाकिटं घेण्यापेक्षा तो नागपूरहून सुटी रसायनं आणायचा आणि घरी मिसळायचा. ते मिसळणं खातूननं आपल्याकडे घेतलं. पुड्यांवरची इंग्रजी नावं तिला वाचता येत नव्हती, पण पावडरी तिला रंगरूपावरून कळत. मेटॉल भुरकट आणि हलकं, हायड्रोक्विनोन बारीक सुयांसारखं, सल्फाईट मिठासारखं, आणि सोडा तर घरच्या धुण्याच्या सोड्याचाच भाऊ. बोअरचं पाणी लोखंडाचं, त्यानं औषध लाल पडतं, म्हणून ती विहिरीचं पाणी आणून उकळायची, फडक्यातून गाळायची, बोट बुडवून सोसेल इतकं कोमट होऊ द्यायची. आधी मेटॉल, ते पूर्ण विरल्यावरच सल्फाईट. हा क्रम चुकला की मेटॉल विरत नाही, पाण्यात पांढरे कण तरंगत राहतात आणि सगळा घाणा फेकावा लागतो. मग बाकीचं एकेक करून. फोटो पक्का करणाऱ्या हायपोचे खडे पाण्यात टाकले की बादली बाहेरून गार पडायची, भर मे महिन्यात सुद्धा. त्या गार बादलीला हात लावून बसायला तिला आवडायचं. तयार झालेलं दाट औषध बाटल्यांत भरायचं आणि कामाच्या वेळी त्यात दुप्पट पाणी घालायचं, एवढं सोपं होतं ते. ढवळायला काचेची कांडी होती, पण गाठी फोडायला हात लागायचाच, आणि ट्रेमधून कागद काढायला चिमटा घेतला तर कागदावर ओरखडा उठायचा. म्हणून चिमटा खुंटीलाच राहिला.

काम भरपूर असायचं. पावसाळ्यात शाळांचे फॉर्म, शिष्यवृत्तीचे, जातीच्या दाखल्याचे. दिवाळी झाली आणि धान घरात आलं की नाटकांचा हंगाम. वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं उघडली की नट-नट्या रफीकसमोर येऊन बसत, आणि त्यांचे चेहरे आत खातूनच्या हाताखाली कागदावर येत. रात्री मंडपात ती नाटकं बघायला हजारो माणसं बसायची. खातून कधी गेली नाही, पण राजा कोण, खलनायक कोण, कुणाच्या गालावर देवीचे वण आहेत, हे तिला आधीच ठाऊक असायचं. लग्नानंतर उमेरा झाली, पुढे मूल झालं नाही. दिवसभराचं घर, पाणी, चूल आटोपून ती त्या खोलीत शिरली आणि दार लावलं की तिला कुणी हाक मारू शकत नसे. दार उघडलं तर फोटो जळतील, एवढं कारण पुरे होतं. तिच्या आयुष्यात बंद करता येईल असं तेवढं एकच दार होतं.

उमेरा शाळेत वरच्या वर्गात गेली त्या सुमाराला, म्हणजे त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात, खातूनच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुरू झाली. आधी तिला वाटलं थंडीनं. मग बारीक फोड आले, फुटले, चामडी जाड होऊन तिला भेगा पडल्या. मीठ-तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. नमाजाआधी वजू करताना ती हात पाण्याखाली धरून क्षणभर दात आवळायची. करंजीचं तेल झालं, व्हॅसलीन झालं, कडुनिंबाचा पाला झाला. रफीकनं नागपूरहून रबरी हातमोजे आणले, ते चारदोन वेळा वापरल्यावर बोटाला फाटले आणि फाटक्यातून आत गेलेलं औषध दिवसभर आतच मुरत राहिलं.

ब्रह्मपुरीच्या एका चामडीच्या डॉक्टरकडे तो तिला घेऊन गेला. डॉक्टरनं हात उलटेपालटे करून पाहिले, काम विचारलं आणि सरळ सांगितलं की हे मेटॉलचं आहे, एकदा अंगाला लागायला लागलं की पुढे थेंबानंही उठतं, मलम देतो पण ती पावडर सोडा. दोघांनी मान हलवली. बसमध्ये रफीक म्हणाला की एवढा हंगाम जाऊ दे, मग बघू. खातूननंही हट्ट केला नाही. खरं सांगायचं तर सोडायचं तिच्याही मनात नव्हतं. त्या खोलीबाहेर तिला काय होतं?

हंगाम गेला, दुसरा आला, तिसरा आला. भेगा भरायच्या आणि पुन्हा उकलायच्या. मग बोटांच्या पेरांवर आणि मनगटाशी कातडीचा रंग उडायला लागला. आधी तांदळाएवढे ठिपके, मग ते एकमेकांना मिळून फिके पांढरट चट्टे. नखं काळी, पेरं जाड, मधे चट्टे. त्या भागात असे हात लोकांनी दुसऱ्याच एका रोगाचे पाहिलेले होते, आणि त्या रोगाचं नाव कुणी मोठ्यानं घेत नसे.

अंतर ठेवायला सुरुवात गुड्डीनं केली. गुड्डी शेजारच्या शिंप्याची बायको, रोज वाटीभर काहीतरी भिंतीवरून देणारी-घेणारी. तिची वाटी यायची थांबली. रमजानमध्ये खातूननं पाठवलेली भजी ताटलीसकट जशीच्या तशी परत आली, वर घातलेला रुमालही हललेला नव्हता. एका लग्नात ती कणीक मळायला बसली तर बायांनी तिला आग्रहानं उठवलं, तुम्ही आराम करा बाई म्हणाल्या, आणि तिच्यासमोरची परात उचलून मागे नेली. थोड्या वेळानं मागच्या अंगणात ती कणीक बकऱ्यांपुढे पडलेली तिला दिसली. ती जेवायला न थांबता घरी आली. रफीकला तिनं डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

नव्याण्णव साली उमेराला भद्रावतीचं स्थळ आलं. मुलगा रईस, तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात वेल्डर, कॉलनीत खोली मिळालेली. उमेरा त्याला फोटोत आवडली होती. तो फोटो अर्थात खातूननंच काढला होता, म्हणजे आत तिनं आणि बाहेर रफीकनं, आणि कागद औषधात एरवीपेक्षा जरा कमी ठेवून पोरीचा रंग उजळ आणला होता.

मंडळी यायच्या आदल्या दिवशी रफीकनं तिच्या हातांकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात मेंदी लावायला सुचवलं. गच्च, कोपरापर्यंत. खातूननं लावली. भेगांत मेंदी शिरली तेव्हा हात चुलीत घातल्यासारखे झाले, पण ती ते दोन्ही हात गुडघ्यांवर पसरून बसून राहिली आणि उमेरा तिला ओढणीनं वारा घालत राहिली. वाळून धुतल्यावर मेंदी सगळीकडे सारखी चढलीच नव्हती. जाड कातडीवर ती काळी पडली होती, चट्ट्यांवर पिवळी. आधी जे बघायला जवळ यावं लागलं असतं ते आता दारातून दिसत होतं.

पाहुणे आले, बसले, उमेरा त्यांना आवडली. तारखेचं बोलणं झालं. तोंड गोड करायची वेळ आली तेव्हा रईसच्या आईनं पेढा उमेराला भरवला, रफीकच्या भावजयीला भरवला, आणि मग रीतीप्रमाणे खातूननं पेढा उचलून विहिणीच्या तोंडाशी नेला. त्या बाईंनी तोंड उघडलं नाही. त्यांनी हसून पेढा दोन बोटांत घेतला, बशीत ठेवला आणि मग घेते म्हणाल्या. निघताना त्यांनी सगळ्यांना सलाम केला. पेढा बशीतच होता.

पुढच्या आठवड्यात निरोप आला की मुलाचा सध्या लग्नाचा विचार नाही.

खातूननं तेव्हा एक गोष्ट केली जी तिनं एरवी केली नसती. त्या वर्षी घरोघर चट्टे तपासायला सरकारी माणसं फिरत होती. त्यांतला एक श्रावण नावाचा माणूस सायकलवर बोळातून जात होता, त्याला तिनं स्वतः हाक मारून ओसरीवर बसवलं आणि हात पुढे केले. श्रावणभाऊंनी तिला डोळे मिटायला लावले, पिशवीतून कोंबडीचं पीस काढलं आणि चट्ट्यांवर, पेरांवर, मनगटावर हलकेच टेकवत गेले. जिथे टेकलं तिथे तिनं बोट ठेवायचं. तिनं एकदाही चुकीच्या जागी बोट ठेवलं नाही. मग त्यांनी कोपराच्या शिरा दाबून पाहिल्या.

"बाई, हा तो रोग नाई," ते म्हणाले. "त्या रोगात चट्टा सुन्न पडते. तुमचा तं दुखते."

"लय दुखते, भाऊ."

"दुखते हेच चांगलं आहे."

खातूननं त्यांना विनंती केली की हे जरा बोळात सांगा. माणूस भला होता. तो उठला आणि गुड्डीच्या दारात, किराणावाल्याच्या फळीपाशी, नळावर, जिथे माणसं उभी होती तिथे त्यानं खड्या आवाजात सांगितलं की बाईंना काही झालेलं नाही, हे फोटोच्या औषधानं झालंय. लोकांनी ऐकून घेतलं. पण संध्याकाळपर्यंत बोळभर झालं ते इतकंच की महारोगाचा माणूस आज रफीकच्या ओसरीवर कितीतरी वेळ बसून होता. ज्यांना तोवर नुसता संशय होता त्यांचीही खात्री झाली.

दुकानावर परिणाम झाला. त्या हंगामात एका नाटक कंपनीचा माणूस येऊन गल्ल्यापाशी अवघडून उभा राहिला. आमच्या बायांना कुणीतरी काहीतरी सांगितलंय, ह्या दुकानातला फोटो त्या हातात धरत नाहीत, तुम्ही राग मानू नका, असं तो म्हणाला. रफीकनं राग मानला नाही. तो आत येऊन स्टुलावर बसला आणि भिंतीकडे बघत राहिला.

काही दिवसांनी खातून विहिरीवरून पाणी घेऊन आली तर डार्करूमचं दार लोटलेलं होतं. आत उमेरा. ओढणी नाकाला बांधलेली, बाह्या वर सारलेल्या, समोर तागडी, आणि उजव्या हाताच्या बोटांना भुरकट पावडर लागलेली. खातूननं घागर खाली ठेवली, पोरीचं मनगट धरलं आणि तिला मोरीवर नेलं. राखेनं, साबणानं, पुन्हा राखेनं ती तिचा हात चोळत राहिली. हात लालभडक झाला, उमेरा रडायला लागली तरी तिनं सोडला नाही. मग तशाच ओल्या हातांनी ती दुकानात गेली. दुकानात तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं.

"तिले आत कोणं पाठवलं?"

"मी," रफीक म्हणाला. "डॉक्टरनं तुले मना केलं आहे. लोक तुह्या हातचं घेऊन नाई राह्यले. मग कोण करन?"

"मीच करीन. माहे हात गेले तं गेले. ते पोट्टी त्या खोलीत पाय ठेवणार नाई."

"आन् लोकाईले काय सांगू?"

"सांगा का बायको माहेरी गेली."

रफीकनं तसंच सांगितलं. दुकानात येणाऱ्या सगळ्यांसाठी खातून ब्रह्मपुरीला गेली, आजारी बापाच्या सेवेला, आणि तिथेच राहिली. बोळातल्या लोकांना खरं माहीत होतं, पण बाहेरच्यांना ते कळायचं कारण नव्हतं. दुकान उघडं असेपर्यंत ती आत दार लावून असायची. पुढे कुणी बोलत असलं की ती बाटली ठेवतानाही आवाज होऊ देत नसे, आणि खोकला आला तर ओढणीचा बोळा तोंडात धरायची. पावडरीनं आणि हायपोच्या वाफेनं तिची छातीही तोवर धरायला लागली होती.

उमेराला पुढे दोन ठिकाणांहून विचारणा झाली आणि दोन्ही ठिकाणी वडशाहून कुणीतरी आईच्या हातांबद्दल कळवलं. मग आलापल्लीचं स्थळ आलं. लांबचं, जंगलापलीकडचं, वडशात ज्यांचं कुणी नाही असं. मुलगा जिशान, डिझेलपंप दुरुस्त करायचा. घरात तो आणि त्याची विधवा आई. रफीक फोटो घेऊन जायला निघाला होता. चपला घालता घालता थांबला आणि म्हणाला की आईबद्दल विचारतील.

"सांगा, आई नाई म्हणून," खातून म्हणाली.

"हे काय बोलून राह्यली तू?"

"एक डाव माहेरी धाडलं न मले. आता वर धाडा."

ती हे चिडून बोलली नव्हती. भाकरी थापता थापता बोलली. रफीक उंबऱ्यावर बसला. त्यानं चपला काढल्या, बऱ्याच वेळानं पुन्हा घातल्या आणि बस पकडायला गेला. आलापल्लीला त्यानं नक्की काय शब्द वापरले ते खातूननं कधी विचारलं नाही.

उमेरानं मात्र जेवण सोडलं. अशा लग्नाला मी उभी राहणार नाही म्हणाली. खातूननं तिची समजूत घातली, रागावली, शेवटी तिच्याजवळ जाऊन झोपली आणि म्हणाली, "तिकडे मले आई नको म्हणू. इथी म्हणजो. मी कुठी चालली?" सकाळी उठून पोरीनं चहा घेतला.

निकाह वडशात ठेवणं शक्यच नव्हतं. तो गडचिरोलीला रफीकच्या थोरल्या भावाच्या घरी झाला. त्या दिवशी खातून वडशात एकटी होती. शाळेच्या मुलांचे फोटो द्यायचे राहिले होते, म्हणून तिनं पाणी उकळलं, गाळलं, पावडरी मोजल्या आणि कालवायला घेतलं. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की कांडी फिरते आहे पण पाणी निवळत नाही. पांढरे कण तरंगत होते. मेटॉलच्या आधी सल्फाईट पडलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिनं ते सगळं मोरीत ओतलं आणि नव्यानं पाणी ठेवलं. मुलांचे फोटो तिनं संध्याकाळपर्यंत पुरे केले.

लग्नाचे फोटो रंगीत होते. ते धुणं तिच्या हातातलं कामच नव्हतं. रोल नागपूरच्या लॅबमध्ये गेला आणि पंधरवड्यानं पाकीट आलं. तिनं ते दारात उजेडाला बसून पाहिलं. उमेराचा शालू हिरवा असेल असं तिला वाटलं होतं. तो लाल होता.

जावई पहिल्यांदा वडशाला आला तेव्हा घरात ही बाई कोण, हे ठरवणं भाग होतं. रफीकची थोरली बहीण, विधवा, भावाकडेच राहते, उमेराला हिनंच वाढवलं, असं ठरलं. उमेराची फुफी. जिशाननं तिला अदबीनं सलाम केला आणि त्याच्या गावचा मध पुढे ठेवला. खातूननं हात ओढणीत झाकून तो घेतला. अडलं ते रफीकचं. बायकोला बहीण म्हणणं त्यांच्या धर्मात फार जड गोष्ट. त्याच्या तोंडून आपा हा शब्द निघेना. जावई असेपर्यंत तो तिला काहीच म्हणायचा नाही, काही हवं असलं तर स्वतः उठून घ्यायचा, आणि बहुतेक वेळ दुकानातच काढायचा. जावई गेल्यावरही मग काही दिवस दोघांना एकमेकांशी नीट बोलता येत नसे.

बोळानं मात्र हे खोटं पाळलं. ज्यांनी तिच्या हातची कणीक बकऱ्यांना घातली होती त्या बायांनीही जावयासमोर कधी तोंड उघडलं नाही. गुड्डी तर एकदा भिंतीवरून मुद्दाम मोठ्यानं, "आपा, विरजण आहे काय थोडं?" म्हणाली. कितीतरी वर्षांनी तिनं या घरातलं काही मागितलं होतं. खातूननं वाटीभर विरजण दिलं. ते गुड्डीनं वापरलं की फेकलं, ते तिला कळलं नाही.

उमेराला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा बाळंतपणाला माहेरी यायची गोष्टच निघाली नाही. आई नसलेल्या घरी पोरीला कुणी पाठवतं? सासूनंच सगळं केलं. नात रांगायला लागल्यावर खातूनला पाहायला मिळाली.

तोवर बाजारात रंगीत फोटोंची मशीन आली होती. शाळांनीही फॉर्मवर रंगीत फोटो मागायला सुरुवात केली. रफीकनं काही दिवस जुने दर कमी करून पाहिले, मग ट्रे धुऊन पालथे घातले आणि त्या मशीनवाल्याकडे गिऱ्हाइकांचे रोल पोचवायचं काम धरलं. डार्करूमच्या खिडकीवरचा काळा कागद खातूननं स्वतः काढला. खोलीत ऊन आलं तेव्हा भिंतींवर तपकिरी ओघळ दिसले, इतकी वर्षं ते तिथे असून तिनं ते पाहिले नव्हते. पावडर सुटली तशा वर्षभरात भेगा मिटल्या. चट्टे राहिले. आणि छातीचं तर वाढतच गेलं. हिवाळा आला की तिला आडवं होऊन झोपता यायचं नाही, उशांना टेकून ती बसल्या बसल्याच डुलक्या घ्यायची.

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात ती फार खचली. रफीकनं आलापल्लीला फोन केला आणि फुफी आजारी आहे म्हणून सांगितलं. उमेरा पोरीला घेऊन आली. पण एकटी आली नाही, सोबत सासू होती. दिवसभराचा बसचा प्रवास करून आलेली, ठेंगणी, धापा टाकणारी बाई. तिनं हातपाय धुतले आणि सरळ खातूनच्या बाजेजवळ खाली बसली.

"तुमाले पाह्याचं मनात होतं आपा, कव्हापासून," ती म्हणाली. "या पोरीनं माह्या घरी काई कमी पडू दिलं नाई. मी जिशानले म्हणत राहते, बिनआईची पोरगी असून हिले कोणं एवढं शिकवलं. ते तुम्हीच."

खातूनचे हात गोधडीवर उघडे होते, झाकायचं तिला सुचलं नव्हतं. त्या बाईचं लक्ष तिथे गेलं.

"हाताले काय झालं?"

"फोटोचं औषध. पावडरी कालवत होती मी."

"माह्या भावाचे असेच झाले होते सिमेंटनं," ती म्हणाली आणि तिनं ते दोन्ही हात आपल्या मांडीवर ओढून घेतले आणि गार पडलेत म्हणून चोळायला लागली. तिच्या मनात दुसरं काही आलंच नाही. उमेरा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं आईकडे पाहिलं. खातूननं तिच्याकडे पाहायचं टाळलं.

चहा झाला. मग ती बाई म्हणाली, "आपा, हिच्या आईची कबर कुठी आहे? इतकी दूर आली तं फातिहा पढून जाईन म्हणते."

रफीक दाराशी होता, तो वळून दुकानात निघून गेला.

"ब्रह्मपुरीले," खातून म्हणाली.

"तं मग इथूनच पढते. पोचणाऱ्याले पोचते."

तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला, तळवे समोर धरले आणि डोळे मिटून पढायला लागली. नातीनं आजीचं पाहून आपलेही इवलेसे तळवे वर केले. खातून उशीला टेकलेली होती, ती थोडी सरळ झाली. तिनंही हात उचलले, चट्टे पडलेले तळवे तोंडासमोर धरले आणि त्या बाईच्या पाठोपाठ उमेराच्या आईसाठी फातिहा पढली. दम पुरत नव्हता म्हणून मधे मधे थांबली, पण पुरी केली.

सासू दुसऱ्या दिवशी परत गेली. जाताना तिनं उमेराला बजावलं की फुफीला बरं वाटेपर्यंत यायची घाई करू नको. ती गेल्यावर उमेरानं दार लावलं आणि आईच्या पायाशी बसली.

"अम्मी, सांगून टाकू काय त्याईले? त्या काई म्हणणार नाई. तू पाह्यलं न."

"पाह्यलं." खातूननं श्वास घेतला. "पहिले सांगतलं असतं तं झालं असतं. आता तिनं माह्या नावानं पढलं. ते काऊन खोटं करतं तिचं?"

उमेरानं पुन्हा विचारलं नाही. ती थंडी सरेपर्यंत राहिली, आणि त्या दिवसांत दार लावून घेतलं की तिला हवं तितक्या वेळा अम्मी म्हणत राहिली.

खातून त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेली. तिला आंघोळ घालायला बोळातल्या बाया आधी दाराशी थबकल्या, मग गुड्डी आत आली आणि तिच्यामागून दोघीतिघी आल्या. दफन वडशालाच झालं. आलापल्लीला कळवलं ते फुफी गेली म्हणून.